फडावर उभा राहिलेला पंडित

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव आता गाव कमी आणि चौफुला अधिक झाले आहे. करमाळ्याकडून येणारा रस्ता, पंढरपूर-अकलूजकडे फुटणाऱ्या वाटा आणि दिवसरात्र धावणारी मालवाहतूक यांनी ते कायम जागे असते. चैत्रात जत्रांचा हंगाम सुरू झाला, गणपती बसले किंवा लग्नसराई आली की या रस्त्यांवर आणखी एक वाहन दिसू लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर स्पीकरच्या भिंती रचलेल्या, वर रंगीत दिवे आणि त्यांच्यामागे कानाला हेडफोन लावून उभा असलेला विशी-बाविशीचा मुलगा. तो डीजे. त्याला सुपारी मिळते, त्याच्या नावावर गर्दी जमते आणि त्याच्या घरात मात्र बहुधा एकच वाद चालू असतो. शिकलासवरलास, मग हे काय आरंभलेस? चारचौघांत सांगण्यासारखे काही तरी कर!

हा वाद नवा नाही. लोकांना नाचवणारा, डोलवणारा धंदा पत्करायचा की घराण्याची अब्रू सांभाळायची, हा पेच याच सोलापूर जिल्ह्यात सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका विद्वान ब्राह्मण घरात उभा राहिला होता. त्या घरातील धाकट्या मुलाने पोथी बाजूला ठेवली आणि हाती डफ घेतला. त्यापायी घर सोडावे लागले तरी तो मागे फिरला नाही. मराठी लावणीच्या इतिहासात ज्याचे नाव पहिल्या पंगतीत घेतले जाते, तो हा सोलापूरचा राम जगन्नाथ जोशी, म्हणजेच शाहीर रामजोशी.

रामजोशी यांचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापुरात झाला. घराणे वेदशास्त्रसंपन्न. वडील बंधू मुद्गल जोशी हे नावाजलेले पुराणिक होते. त्यांच्या पुराणाला श्रोते दाटीने बसत आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होते. अशा घरातील मुलाचा मार्ग जन्मतःच आखलेला असे. मुंज झाली की संथा, मग व्याकरण, काव्य, धर्मशास्त्र, आणि पुढे बंधूंच्या शेजारी बसून पुराण सांगणे किंवा याजकी करणे. रामजोशींना बुद्धी होती, पाठांतर होते आणि आवाजही होता. घरच्यांना त्यांच्याकडून अपेक्षा बाळगायला पुष्कळ जागा होती.

त्या काळचे सोलापूर हे सीमेवरचे शहर होते. मराठी मुलूख येथे संपत येतो आणि कानडी मुलूख सुरू होतो. तेलुगूही कानांवर पडत असे. सिद्धेश्वराच्या यात्रेला तीन भाषा बोलणारी माणसे एकत्र जमत. या शहरात वाढणाऱ्या मुलाच्या कानाला निरनिराळ्या भाषांचे नाद आपोआप जडत होते. घरात संस्कृत, बाजारात कानडी आणि अंगणात मराठी. पुढे रामजोशींच्या लावणीत या साऱ्या भाषा एकमेकींच्या हातात हात घालून उतरल्या, त्याचे मूळ या गावातच आहे.

आणि याच गावात धोंडी शाहिराचा तमाशा होता.

तमाशा म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर तंबू, रंगमंच, विजेचे दिवे आणि वग उभा राहतो. पेशवाईतील तमाशा याहून पुष्कळ साधा होता. वग तेव्हा जन्मालाही आला नव्हता. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग रंगभूमीवर आला तो १८६५ मध्ये. त्यापूर्वीच्या तमाशाला कथेचा आधार नव्हता. पटांगणात मशाली पेटत, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज एवढी वाद्ये असत. मागे उभे राहून सूर ओढणारे सुरते असत, स्त्रीवेष घेतलेला नाच्या पोऱ्या असे आणि मध्ये शाहीर. गण झाला, गवळण झाली, की मग लावणीवर लावणी. समोर दिवसभर राबून आलेला समाज बसलेला. त्याला पहाटेपर्यंत जागे ठेवायचे ते केवळ शब्द, चाल आणि ठेका यांच्या बळावर. एखादी लावणी पडली की लोक उठू लागत आणि जमली की पुन्हा म्हणायला लावत. कोणत्या लावणीनंतर कोणती घ्यायची, लय केव्हा चढवायची, केव्हा उतरवायची, शृंगारानंतर विनोद केव्हा आणायचा, याचे शास्त्र कुठे लिहिलेले नव्हते. ते समोरच्या गर्दीकडे पाहत शिकावे लागे.

रामजोशी हे शास्त्र धोंडीच्या फडात शिकले. पाठशाळेतील मुलगा रात्री तमाशाला जाऊन बसू लागला. प्रथम ऐकणे, मग धोंडीसाठी लावण्या रचून देणे आणि शेवटी स्वतः डफ घेऊन उभे राहणे, असा हा प्रवास झाला. कुठल्याही कलेत उमेदवारी करणाऱ्याचा प्रवास असाच असतो. त्यात विशेष एवढेच, की उमेदवार ब्राह्मणाचा होता आणि फड ब्राह्मणाने पाऊल ठेवू नये असा होता. तमाशातील कलावंत बहुतेक गावकुसाबाहेरच्या जातींमधील. त्यांच्यासोबत उठणे-बसणे, खाणेपिणे, त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडणे म्हणजे त्या काळी स्वतःहून वाळीत जाणे होते.

मुद्गल जोशींनी प्रथम समजावले, मग धाक घातला. एकाच घरातील एक भाऊ व्यासपीठावर बसून भागवत सांगतो आणि दुसरा त्याच गावात रात्री डफ वाजवून शृंगारिक लावण्या म्हणतो, ही गोष्ट लपणारी नव्हती. श्रोते कुजबुजू लागले. पुराणिकाचा व्यवसाय त्याच्या प्रतिष्ठेवर चालतो. ती गेली तर घराची चूल थंडावते. मुद्गल जोशींचा राग हा नुसता कर्मठपणाचा राग नव्हता, त्यात एका कर्त्या माणसाची भीतीही होती. अखेर त्यांनी धाकट्या भावाला घराबाहेर काढले. रामजोशींच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते येथे.

घराबाहेर पडलेला हा तरुण सरळ फडावर गेला असता, तर तो धोंडीच्या परंपरेतील आणखी एक शाहीर झाला असता. पण तो पंढरपूरला गेला आणि तेथे राहून त्याने संस्कृत काव्यशास्त्राचा अभ्यास केला. त्या काळचे पंढरपूर हे वारकऱ्यांचे गाव होतेच, शिवाय विद्येचेही मोठे ठाणे होते. ‘धर्मसिंधू’ हा धर्मशास्त्रावरील मान्यताप्राप्त ग्रंथ लिहिणारे काशीनाथशास्त्री उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये तेथेच राहत. रामजोशींनी येथे वृत्ते, अलंकार, काव्यनाटके यांत गती मिळवली. पुढे त्यांनी ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्य रचले, त्यावरून या अभ्यासाची खोली कळते. घराने टाकलेल्या माणसाने आपण विद्येत कुणाला हार जाणारे नाही, हे आधी स्वतःला आणि मग जगाला दाखवून दिले.

या विद्येचे पुढे काय करायचे, हा प्रश्न होता. समाजाच्या दृष्टीने उत्तर सरळ होते. झाले गेले विसरून, प्रायश्चित्त घेऊन पुराणिक व्हायचे. रामजोशींनी ही विद्या पुन्हा फडावर नेली. हा निर्णय त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वात धाडसी निर्णय म्हणावा लागेल. पहिल्या वेळी ते तमाशात गेले तेव्हा त्यांना पोरवयाचा नाद लागला होता असे म्हणता येई. दुसऱ्या वेळी ते पूर्ण शिकून, समजून-उमजून गेले.

आणि मग लावणीचे रूप पालटले. रामजोशींच्या आधीही लावणी होती, रसाळ होती, पण तिची वाणी बहुतांशी साधी होती. रामजोशींनी तिला संस्कृत काव्याचे अलंकार चढवले. यमक-अनुप्रासांची अशी दाट वीण घातली की शब्दांतूनच ढोलकीचे बोल निघावेत. अर्थ क्षणभर कळला नाही तरी नादाने अशिक्षित श्रोता डोलू लागे आणि ज्याला अर्थ कळे तो शास्त्री मनातल्या मनात मान डोलवी. एकाच रचनेत संस्कृत, मराठी आणि कानडी अशा भाषा गुंफून त्यांनी सोलापूरच्या बहुभाषी समाजाला आपली लावणी दिली. लावणी संस्कृतातही रचून दाखवली. ज्या भाषेत देवपूजा व्हायची, तिला ढोलकीच्या तालावर चालवणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

त्यांची छेकापन्हुतीची लावणी हा या कौशल्याचा उत्तम नमुना आहे. छेकापन्हुती हा संस्कृत साहित्यशास्त्रातील अलंकार. त्यात बोलणारी व्यक्ती एखादे वर्णन असे करते की ऐकणाऱ्याला ते प्रियकराचेच वाटावे. ऐकणाऱ्याने तसे विचारले की ती चटकन अर्थ फिरवून भलतीच साधी वस्तू सांगते. पंडितांच्या सभेत हा बुद्धीचा खेळ. रामजोशींनी तो मैत्रिणींच्या संवादाच्या रूपाने फडावर आणला. प्रत्येक कडव्यात समाज ओठांवर हसू आणून वाट पाहणार, नको तो अर्थ मनात आणणार आणि शेवटच्या शब्दाला फसून खदखदून हसणार. अलंकारशास्त्रातील एक प्रकार जत्रेतील गर्दीच्या टाळ्यांपर्यंत नेणे, हे दोन्हीकडची नाडी ठाऊक असणाऱ्यालाच साधते. रामजोशींचे यश येथे आहे. त्यांनी गर्दीसाठी विद्या सोडली नाही आणि विद्येसाठी गर्दीही सोडली नाही.

फड उभा करणे म्हणजे केवळ कवित्व नव्हे, तो एक व्यवसाय होता. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, सुरते आणि नाचे यांना सांभाळायचे. पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हाही त्यांची पोटे भरायची. जत्रांचे दिवस ध्यानात ठेवून मुक्काम ठरवायचे. गावच्या पाटलाची, देशमुखाची, सरदाराची मर्जी राखायची. मिळकत ठरलेली नसे. कुठे धान्य मिळे, कुठे शेला-पागोटे, कुठे रोख बिदागी, तर कुठे समाजातून उधळलेली दौलतजादा. दोन फड समोरासमोर आले की सवाल-जबाब झडत आणि हरणाऱ्याला आपली वाद्ये जिंकणाऱ्यापुढे ठेवावी लागत. त्या रात्री नाव गेले की पुढच्या गावचे बोलावणे गेले.

या व्यवसायाची मोठी बाजारपेठ होती पुणे. सोलापूरहून पुण्याकडे जायचे तर भीमेचे खोरे ओलांडावे लागे आणि आजच्या महामार्गाप्रमाणे तेव्हाही माढा-टेंभुर्णीचा मुलूख या वाटेवरच येई. टेंभुर्णीला दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांची गढी होती. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याची सत्ता आणि पैसा अशा खेड्यापाड्यांपर्यंत कसा पोचला होता, याची ती खूण. सत्तेच्या वाटेनेच कलावंतही प्रवास करीत. पुण्यात सरदारांचे वाडे होते, सावकारांच्या पेढ्या होत्या, फौजेच्या छावण्या होत्या आणि नाचगाण्याला चटावलेला रसिक समाज होता.

या पुण्यात तेव्हा शाहिरांची रेलचेल होती. संगमनेरचे अनंत फंदी, वावीचे परशराम, गवळी समाजातील होनाजी व त्यांचे जोडीदार बाळा, जेजुरीचे मुसलमान शिकलगार कुटुंबातील सगनभाऊ, तरुण प्रभाकर, अशी एकापेक्षा एक नावे या काळात गाजली. कुणी ब्राह्मण, कुणी शिंपी, कुणी गवळी, कुणी शिकलगार. जातीपातीच्या भिंती घट्ट असलेल्या त्या काळात फड हे एकच ठिकाण असे होते की जिथे माणसाची किंमत त्याच्या लावणीवर ठरत होती. या मांदियाळीत रामजोशींनी आपले स्थान निर्माण केले आणि पेशव्यांच्या दरबारापर्यंत त्यांचे नाव गेले.

१७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव गादीवर आला. तो लावणीचा शौकीन होता आणि त्याच्याकडून रामजोशींना मानसन्मान मिळाल्याचे परंपरेने सांगितले जाते. येथे एक गोष्ट नजरेत भरते. पेशव्यांकडून विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी श्रावणमासात दक्षिणा मिळे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात देशोदेशीचे शास्त्री आपली विद्या सिद्ध करून ती घेत. रामजोशींची विद्वत्ता त्या रमण्यात जाण्याजोगी होती. परंतु त्यांना नाव आणि बिदागी मिळाली ती शाहीर म्हणून. देणारा हात तोच, पण एकाला दान म्हणत आणि दुसऱ्याला करमणुकीचा मोबदला. समाजाच्या तराजूत पहिल्याचे वजन अधिक होते.

हे दिवस वरून झगमगीत असले तरी आतून पोखरलेले होते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि वर्षअखेरीस वसईच्या तहावर सही करून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. उत्सव, जत्रा आणि दौलतजादा यांवर जगणाऱ्या कलावंतांना अशा काळात पहिला फटका बसतो. माणसे अन्नाला महाग होतात तेव्हा फडाचे बोलावणे येत नाही. रामजोशींच्या पिढीने वैभव पाहिले तसा हा पडता काळही पाहिला.

रामजोशींच्या आयुष्यातील सर्वात गाजलेली घटना मात्र दरबारातील नाही, ती बारामतीची आहे. बारामतीला बाबूजी नाईक यांच्या आश्रयाला कविवर्य मोरोपंत राहत होते. महाभारत, रामायण, भागवत यांना आर्यावृत्तात बांधणारे हे पंडितकवी म्हणजे त्या काळच्या शिष्ट मराठी साहित्याचे सर्वोच्च आसन. रामजोशींच्या लावण्या त्यांच्या कानांवर गेल्या. ही प्रतिभा शृंगाराच्या फडावर खर्ची पडते याची त्यांना हळहळ वाटली आणि ती ईश्वराच्या सेवेला लावावी असे त्यांनी सुचवले. त्या उपदेशाने रामजोशींच्या मनात खळबळ उडाली, त्यांनी डफ फोडून टाकला आणि ते कीर्तनकार झाले, अशी आख्यायिका आहे.

आख्यायिकेतील डफ खरोखर फुटला की नाही, ते सोडून देऊ. रामजोशी कीर्तनाकडे वळले हे मात्र खरे. आणि कीर्तनातही त्यांनी तेच केले जे फडावर केले होते, म्हणजे अवघड ते लोकांपर्यंत नेले. मोरोपंतांच्या आर्या विद्वानांना प्रिय असल्या तरी सामान्यांना जड होत्या. रामजोशींनी त्या आपल्या कीर्तनांतून खड्या, सुरेल आवाजात, लयीच्या अचूक जाणिवेने म्हणायला सुरुवात केली आणि मोरोपंतांचे काव्य गावोगावच्या श्रोत्यांच्या ओठांवर आले. ज्याने शाहिराला फडावरून उठवले, त्याच कवीच्या काव्याला लोकांत नेण्याचे काम शाहिराने केले. मोरोपंतांनीही त्यांचा श्रेष्ठ कवी म्हणून गौरव केला. मुद्गल जोशींच्या घरातून बाहेर काढलेल्या माणसाला शिष्टांच्या दरबारात जागा मिळाली ती अशी.

या कथेचा शेवट इतका सोपा मात्र नाही. मोरोपंतांचे निधन १७९४ मध्ये झाले आणि दुसरा बाजीराव गादीवर आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. रामजोशींना बाजीरावाकडून मिळालेला मान शाहिरीचा असेल, तर मोरोपंतांच्या भेटीनंतरही त्यांची लावणी थांबलेली नव्हती. त्यांच्या रचनांत शृंगार आहे, तशा वैराग्याच्या, उपदेशाच्या, देवतांच्या वर्णनाच्या लावण्याही आहेत. म्हणजे एका रात्रीत तमाशा सोडून कीर्तन धरणारा पश्चात्तापदग्ध माणूस हे चित्र पुढच्या पिढ्यांनी आपल्या सोयीसाठी अधिक ठळक केलेले दिसते. अनंत फंदींच्या बाबतीतही अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले, अशीच कथा सांगितली जाते. दोन ब्राह्मण शाहीर आणि दोघांच्याही आयुष्याला एकाच साच्याचा शेवट! समाजाला लावणी हवी होती, पण लावणीकार सुधारलेला हवा होता. रामजोशींनी दोन्ही गोष्टी आयुष्यभर आपल्याजवळ बाळगल्या, असे मानणे त्यांच्या रचनांना धरून आहे.

१८१२ च्या सुमारास रामजोशी निवर्तले. वय पन्नाशीच्या आसपास. त्यानंतर सहा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि ज्या दरबारांवर, वाड्यांवर, उत्सवांवर शाहिरांचे पोट चालत होते, ते एकामागून एक ओस पडले. त्यांचे समकालीन होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ यांना ही पडझड डोळ्यांनी पाहावी लागली. रामजोशी त्याआधीच गेले होते.

त्यांच्या मागे इस्टेट राहिली नाही, लावण्या राहिल्या. त्या छापील पुस्तकांत नव्हत्या. फडांनी, गाणाऱ्या स्त्रियांनी आणि काही बाडांनी त्या जपल्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी परिश्रमपूर्वक त्या गोळा करून छापल्या, तेव्हा विद्यापीठांत शिकलेल्या मराठी वाचकाला हा कवी नव्याने भेटला. ज्या लावण्यांमुळे कवीला घर सोडावे लागले, त्या पुढे मराठी काव्याच्या अभ्यासक्रमात शिरल्या.

रामजोशींचे खरे पुनरागमन झाले ते १९४७ मध्ये. राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट त्या वर्षी आला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाई यांचे संगीत. संगीत नाटकांत नाव मिळवलेले जयराम शिलेदार रामजोशी झाले होते आणि हंसा वाडकर यांनी बया रंगवली. चित्रपट प्रचंड गाजला. ‘मतवाला शायर रामजोशी’ या नावाने तो हिंदीतही निघाला. तमाशा पाहायला ज्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते अशा मध्यमवर्गीय कुटुंबांनी चित्रपटगृहात बसून ढोलकी ऐकली. मराठी पडद्यावर पुढे दोन-तीन दशके गाजलेल्या तमाशापटांची वाट या चित्रपटाने मोकळी केली.

याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती, हा योगायोग विसरता येत नाही. पडद्यावरील शाहिराला टाळ्या मिळत होत्या आणि फडावरील कलावंताची ढोलकी बंद पडली होती. पुढे बंदी उठली, नियम झाले, तमाशाचे लोकनाट्य झाले. तरी मृत शाहिराचा गौरव आणि जिवंत कलावंताची हेटाळणी ही रीत काही सुटली नाही. सोलापूर जिल्ह्यातच, टेंभुर्णीपासून जवळ असलेल्या मोडनिंबला आजही लावणी कलावंतांची वस्ती आहे. अकलूजच्या लावणी स्पर्धेत टाळ्या घेणाऱ्या कलावंतांना गावात भाड्याने खोली मिळवताना काय सोसावे लागते, ते त्यांनाच ठाऊक.

आता जत्रेतील फडाची जागा पुष्कळ ठिकाणी ऑर्केस्ट्राने घेतली आणि ऑर्केस्ट्राची डीजेने. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या तमाशाला ती जशी जाचक ठरली, तशी डीजेलाही ठरते. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचे समर्थन कुणी करू नये. म्हातारीकोतारी, लहान मुले आणि आजारी माणसे यांचे हाल होतात, हे खरेच आहे. परंतु त्या आवाजामागे उभा असलेला मुलगा जे करू पाहतो, त्याचे मूळ जुने आहे. समोरच्या गर्दीची नाडी ओळखायची, कोणत्या गाण्यानंतर कोणते लावायचे ते क्षणात ठरवायचे, लय चढवायची, उतरवायची आणि उद्याच्या सुपारीसाठी आज नाव राखायचे. धोंडी शाहिराच्या फडात पाठशाळेतील एका मुलाने रात्री जागून शिकले ते हेच.

रामजोशी यांचे चरित्र त्या मुलाच्या बापाला आणि त्या मुलालाही काही सांगते. बापाला सांगते ते असे की घराबाहेर काढल्याने नाद सुटत नाही. मुद्गल जोशी आपल्या काळातील मोठे पुराणिक होते, पण त्यांचे नाव आज घेतले जाते ते त्यांनी हाकललेल्या भावामुळे. आणि मुलाला सांगते ते असे की नुसत्या ठेक्यावर नाव टिकत नाही. त्या काळी सोलापूर-पुण्याच्या वाटेवर किती तरी डफ वाजले असतील. त्यांतील बहुतेकांचा मागमूस उरला नाही. घर सुटल्यावर पंढरपूरला जाऊन पुन्हा विद्यार्थी होण्याची ज्याची तयारी होती, त्याची लावणी मात्र दोनशे वर्षांनंतरही मैफलीत म्हटली जाते आणि ढोलकीची थाप पडताच ऐकणारा सावरून बसतो.